मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो

हिवाळ्यात मृग नक्षत्र वर आले की त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सहज ओळखता येतो. बाणाच्या थोडे खाली जो धुरकट ठिपका दिसतो, तो मृगातला तेजोमेघ. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायूचा प्रचंड ढग आतल्या तप्त, तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे स्वतःच उजळतो. दुर्बिणीला कॅमेरा जोडणारे हौशी निरीक्षक बहुधा आधी याच्याच वाटेला जातात. त्याचा जगातला पहिला फोटोही एका हौशी निरीक्षकानेच काढला. हेन्री ड्रेपर पेशाने डॉक्टर होते.

त्यांचा जन्म १८३७ चा, अमेरिकेतला. वडील जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्येच चंद्राचा फोटो काढला होता, म्हणजे हे वेड घरचेच. हेन्रींचा वैद्यकीय अभ्यास विसाव्या वर्षी संपला. पण पदवीसाठी वय कमी पडले. मग ते युरोपात गेले. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांची सहा फुटी आरशाची दुर्बीण त्यांनी पाहिली आणि परतल्यावर स्वतःच आरसे घासायला बसले. दिवसा न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीचे अध्यापन, रात्री हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज गावातली स्वतःची वेधशाळा.

१८६७ मध्ये मेरी ॲना पामर यांच्याशी लग्न झाले. नव्या आरशासाठी काच निवडायला दोघे बाजारात गेले, त्या फेरीलाच ते गमतीने मधुचंद्र म्हणत. तेव्हाच्या ओल्या प्लेटवर रसायन चढवून ती सुकायच्या आत फोटो घ्यावा लागे. हे काम मेरीबाई करत. १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचा फोटो मिळाला, त्यात त्यांचाही वाटा होता.

तेजोमेघ मात्र हाती लागत नव्हता. प्रकाश इतका मंद, की पुरेसा उमटण्याआधीच प्लेट सुकून जाई. निरीक्षक डोळ्यांनी पाहून चित्रे काढत, पण दोघांची चित्रे जुळत नसत. मग तेजोमेघ बदलतो की काढणाऱ्याचा हात, हे ठरवायचे कसे? जिलेटिनच्या कोरड्या प्लेट आल्या आणि अडचण सुटली. ३० सप्टेंबर १८८० रोजी ड्रेपर यांनी ११ इंची दुर्बीण घड्याळी यंत्राने आकाशाच्या गतीबरोबर फिरवत सुमारे ५० मिनिटे प्रकाश साठवला. चित्र पुसट होते, पण तेजोमेघ उमटला. मार्च १८८२ मध्ये त्यांनी हाच वेळ १३७ मिनिटांवर नेला आणि कडेचे फिकट धागेही दिसू लागले. वर्षानुवर्षे असे फोटो घेतले, तर बदल मोजता येणार होते.

ती वर्षे त्यांना मिळाली नाहीत. त्याच शरद ऋतूत रॉकी पर्वतात शिकारीला गेले असताना त्यांना हिमवादळाने गाठले. रात्र उघड्यावर काढावी लागली. न्यूयॉर्कला परतल्यावर फुप्फुसांच्या आवरणांना सूज आली आणि २० नोव्हेंबर १८८२ रोजी ते गेले. वय ४५. प्रतिजैविके यायला अजून अर्धे शतक होते.

दोनच महिन्यांनी, जानेवारी १८८३ मध्ये, अँड्र्यू कॉमन या इंग्रज इंजिनिअरने ३६ इंची आरशाने याच तेजोमेघाचा कितीतरी सरस फोटो घेतला. दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात होते. कॉमनही हौशीच.

मेरीबाईंनी १८८६ पासून हार्वर्ड वेधशाळेला ताऱ्यांच्या वर्णपटांच्या कामासाठी पैसा दिला. त्यातून ॲनी कॅनन यांनी वर्गीकरण केलेल्या सव्वादोन लाख ताऱ्यांची यादी १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झाली. त्या ताऱ्यांच्या क्रमांकांआधी आजही ‘एचडी’ लिहितात, म्हणजे हेन्री ड्रेपर.