नारायण वामन टिळक
नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, जिल्हा रत्नागिरी, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तन यांची जोड देण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते.

जीवन

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्याच्या वाचनातून त्यांचे मतपरिवर्तन झाले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांच्याशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

खानदेशाशी संबंध

१९०७ मध्ये जळगाव येथे कर्नल कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धर्मांतरानंतरही मराठी कविवर्तुळात टिळकांना मान होता, हे तेथील त्यांच्या सहभागातून दिसून आले. याच संमेलनात धरणगावचे तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे आले. ‘बालकवी’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या ठोमरे यांना टिळकांनी अहमदनगर येथे आपल्या घरी आश्रय दिला. ठोमरे यांनी धर्मांतर केले नाही; टिळक दांपत्याचा त्यांच्याशी असलेला स्नेह मात्र टिकून राहिला. १९१८ मध्ये जळगावनजीक भादली रेल्वे स्थानकावर अपघातात बालकवींचे निधन झाले.

धर्मविचार व साहित्य

ख्रिस्ती होण्यासाठी भारतीयत्व सोडण्याची आवश्यकता नाही, अशी टिळकांची धारणा होती. संतकवितेचे, विशेषतः तुकारामांचे संस्कार त्यांच्या भक्तिरचनांवर दिसतात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात प्रवेश होता.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिले व पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केले. टिळकांच्या इच्छेनुसार त्यांच्या पार्थिवावर अग्निसंस्कार करण्यात आले.