पातळ पात्याचा ध्यास : किंग कॅम्प जिलेट

दाढी केल्यावर गालांची आग होणे, मानेवर लालसर पुरळ उठणे हा त्रास जुनाच. वस्तऱ्याच्या काळात त्याचे मुख्य कारण असे बोथट धार. बोथट पाते केस कापत नाही, ओढते. मग हात नकळत दाबला जातो आणि केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो. या दुखण्यावर उपाय शोधणारे किंग कॅम्प जिलेट हे ना वैद्य होते ना लोहार. ते होते फिरते विक्रेते.

जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात फाँ द्यू लाक येथे झाला. बालपण शिकागोत गेले. १८७१च्या भीषण आगीत कुटुंबाचे सर्वस्व गेले आणि तरुण जिलेट विक्रीच्या व्यवसायात शिरले. पुढे ते विल्यम पेंटर यांच्या कंपनीत आले. सोड्याच्या बाटलीवरचे पत्र्याचे बूच ही पेंटर यांचीच देणगी. एकदा वापरून फेकावी लागेल अशी वस्तू शोध, असा सल्ला त्यांनी जिलेटना दिल्याचे सांगतात.

१८९५मध्ये एका सकाळी वस्तऱ्याची धार इतकी गेली होती की चामड्याच्या पट्ट्यावर घासूनही भागेना. त्या क्षणी जिलेटना पातळ पोलादी पट्टीची कल्पना सुचली. सुरक्षित रेझर त्यांनीच शोधला, हा समज मात्र चुकीचा आहे. संरक्षक दांडीचा रेझर न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी आधीच विकायला काढला होता. पण त्याचे पाते जाड असे व त्याला सतत धार लावावी लागे. जिलेटना हवे होते ते बोथट होताच फेकता येणारे पाते. इतक्या पातळ पत्र्याला कडकपणा व धार देता येणार नाही, असे जाणकार सांगत. अखेर विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते साधले. १९०१मध्ये कंपनी उभी राहिली. १९०३मध्ये विकले गेले अवघे ५१ रेझर व १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री नव्वद हजारांवर गेली आणि पेटंटही मिळाले.

रचनेतली खुबी साधी होती. दांडा फिरवून घट्ट केला की पाते दोन पत्र्यांमध्ये दाबले जाऊन किंचित वाकते आणि ताठ होते. धारेचा थोडासाच भाग बाहेर राहतो. पुढचे दाते त्वचा दाबून धरतात. तरीही आग पूर्ण थांबली नाही, कारण न्हाव्याचे कसब रेझरबरोबर डबीत येत नव्हते. कोमट पाण्याने केस मऊ करणे, भरपूर फेस लावणे, केसांच्या वाढीच्या दिशेनेच पाते फिरवणे, रेझर दाबून न धरणे, हे ज्याचे त्याने शिकायचे होते. आजही दाढीनंतर होणाऱ्या जळजळीवर याहून वेगळा प्राथमिक उपाय नाही.

पहिल्या महायुद्धाने कंपनीचे भाग्य पालटले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना दाढी गुळगुळीत ठेवावी लागे. अमेरिकी सरकारने सुमारे ३५ लाख रेझर मागवले. घरी परतलेल्या सैनिकांबरोबर स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवयही परतली.

विसंगती अशी की, या उद्योजकाचा स्पर्धेवर विश्वासच नव्हता. १८९४च्या ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ या पुस्तकात त्यांनी साऱ्या उद्योगांची मालकी जनतेच्या एकाच महामंडळाकडे सोपवावी आणि नायगाऱ्याच्या विजेवर चालणाऱ्या एका महानगरात लोकांनी राहावे, असे मांडले. १९१०मध्ये त्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. हा वेडेपणा म्हणावा तर तो प्रामाणिक होता.

जमिनीतील गुंतवणूक आणि १९२९ची मंदी यांनी संपत्ती ओसरली. १९३०मध्ये कंपनीचे प्रतिस्पर्धी ऑटोस्ट्रॉपशी विलीनीकरण झाले आणि सूत्रे जिलेट यांच्या हातून गेली. ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. पात्यांच्या वेष्टनावर त्यांचा मिशाळ चेहरा मात्र त्यानंतरही बरीच वर्षे छापला जात राहिला.