डॉ. लिओ झिलार्ड : धोक्याची पहिली हाक देणारे यहुदी शास्त्रज्ञ



जून २०२५ मध्ये इराणबरोबर बारा दिवसांचे युद्ध झाले, तेव्हा आपणांपैकी पुष्कळांनी मिक्लातमध्ये रात्री काढल्या. अशाच एका रात्री माझ्या नातवाने मला विचारले की, शत्रूच्या हाती अणुबाँब पडेल ही भीती जगात सर्वांत आधी कोणाला वाटली? मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकविले, पण त्या गडबडीत मला केवळ नाव सांगता आले, पुरी हकीकत सांगता आली नाही. ती आज येथे देत आहे. ते नाव डॉ. लिओ झिलार्ड यांचे. आइन्स्टाइन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र सर्वांना ठाऊक असते. ते पत्र ज्यांच्या खटपटीने लिहिले गेले, ते हे गृहस्थ.

झिलार्ड यांचा जन्म हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे ११ फेब्रुवारी १८९८ रोजी एका सुखवस्तू यहुदी कुटुंबात झाला. वडील इंजिनिअर होते. घराण्याचे मूळ नाव स्पिट्झ. ते १९०० मध्ये बदलून झिलार्ड केले गेले. मुलगा गणितात फार हुशार होता व १९१६ साली त्याने देशातील मानाचे बक्षीसही मिळविले. पहिल्या महायुद्धात त्यांस सैन्यात जावे लागले. युद्धानंतर हंगेरीत आधी साम्यवादी राज्य आले व ते पडल्यावर यहुद्यांविरुद्ध द्वेषाची लाट उसळली. लिओ व त्यांचे भाऊ बेला यांनी त्या सुमारास कागदोपत्री ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तरीसुद्धा १९१९ मध्ये दोघे भाऊ कॉलेजात नाव घालावयास गेले, तेव्हा इतर विद्यार्थ्यांनी त्यांना यहुदी म्हणून दारातूनच हुसकून लावले. दाखला दाखवूनही उपयोग झाला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लिओ यांनी देश सोडला व ते बर्लिनला गेले.

बर्लिन हे त्या काळी पदार्थविज्ञानाचे माहेरघर होते. आइन्स्टाइन, प्लांक, लाउए अशी मोठी माणसे तेथे शिकवीत. झिलार्ड यांनी १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळविली. आइन्स्टाइन यांच्याशी त्यांचा स्नेह जमला व दोघांनी मिळून एका नव्या प्रकारच्या रेफ्रिजरेटरची पेटंटेही घेतली. दिवस चांगले चालले होते. परंतु ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. झिलार्ड राहत होते तेथे त्यांच्या खोलीत दोन बॅगा भरून तयार असत. मार्चच्या अखेरीस त्यांनी व्हिएन्नाची गाडी पकडली. गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी माणसांनी खचाखच भरली, सरहद्दीवर अडविली गेली आणि उतारूंची झडती झाली. एका दिवसाने ते वाचले. हा एका दिवसाचा धडा झिलार्ड पुढे कधी विसरले नाहीत.

व्हिएन्नाहून ते लंडनला आले. जर्मनीतून हाकललेल्या प्राध्यापकांना आसरा व काम मिळवून देणारी एक समिती इंग्लंडात स्थापन झाली. तिच्या उभारणीत झिलार्ड यांचा मोठा हात होता. स्वतःला मात्र नोकरी नव्हती. सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात वाचले की, थोर शास्त्रज्ञ रदरफोर्ड यांच्या मते अणूपासून शक्ती मिळविण्याची कल्पना निव्वळ भ्रम आहे. हे वाचून झिलार्ड अस्वस्थ झाले. लंडनच्या साउथॅम्पटन रोवर रस्ता ओलांडण्यासाठी ते उभे होते. सिग्नल बदलला आणि त्यांच्या मनात एक विचार चमकला. न्यूट्रॉन नावाच्या कणाचा शोध आदल्याच वर्षी लागला होता. एका न्यूट्रॉनने अणू फोडला व त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, तर ते दोन अणू फोडतील, त्यांतून चार निघतील, मग आठ. वर्गात हे शिकविताना मी फळ्यावर आकडे मांडीत जाई. दहा वेळा दुप्पट केले की हजारावर आकडा जातो, हे पाहून मुले थक्क होत. बाँबमध्ये अशा ऐंशीच्या आसपास पायऱ्या डोळ्याचे पाते लवण्याआधीच पुऱ्या होतात. यालाच साखळी प्रक्रिया म्हणतात.

कोणत्या मूलद्रव्यात असे घडेल हे त्यांना त्या वेळी माहीत नव्हते. तरी १९३४ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट मागितले आणि पुढे ते ब्रिटिश आरमाराच्या स्वाधीन केले. हेतू इतकाच की, ते गुप्त राहावे व जर्मनीच्या दृष्टीस पडू नये.

१९३८ च्या आरंभी झिलार्ड अमेरिकेस गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ज्याची भीती होती तेच झाले, आणि तेही बर्लिनमध्येच. ऑटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर बेरियम आढळले. त्याचा अर्थ लावला तो लिझे माइटनर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी. ही दोघेही यहुदी कुळातील व हिटलरमुळे परागंदा झालेली. युरेनियमचा अणू दुभंगतो हे आता उघड झाले. झिलार्ड यांनी एका मित्राकडून दोन हजार डॉलर उसने घेऊन रेडियम भाड्याने आणले व ३ मार्च १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वॉल्टर झिन यांच्यासह प्रयोग केला. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके दिसले. न्यूट्रॉन बाहेर पडत होते. बाँब शक्य होता.

झिलार्ड यांनी पुढचे शोध छापू नयेत म्हणून शास्त्रज्ञांना गळ घातली. पॅरिसमधील जोलिओ-क्युरी यांनी ते मानले नाही व एप्रिलमध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो वाचून जर्मन शास्त्रज्ञ जागे झाले. त्याच महिन्यात बर्लिनमध्ये सरकारी बैठक भरली. मार्चमध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला होता. तेथील खाणींतील युरेनियमची विक्री आता बंद झाली. एवढी खूण झिलार्ड यांना पुरेशी होती. जगातील सर्वांत मोठा साठा बेल्जियमच्या ताब्यातील काँगोमध्ये होता आणि बेल्जियमच्या राजमातेशी आइन्स्टाइन यांची ओळख होती. म्हणून जुलै १९३९ मध्ये झिलार्ड व त्यांचे हंगेरियन मित्र विग्नर मोटारीने लाँग आयलंडला निघाले. वाटेत रस्ता चुकला; अखेर एका लहान मुलाने आइन्स्टाइन यांचे घर दाखविले. पुढच्या खेपेस एडवर्ड टेलर बरोबर होते. चर्चेअंती पत्र अध्यक्ष रुझवेल्ट यांनाच लिहावयाचे ठरले. त्यावर २ ऑगस्ट १९३९ ही तारीख आहे. ते ११ ऑक्टोबरला अध्यक्षांच्या हाती पडले, तोवर युरोपात युद्ध पेटले होते. सरकारने समिती नेमली आणि प्रयोगासाठी सहा हजार डॉलर मंजूर केले.

येथे झिलार्ड यांच्या दक्षतेचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यास ग्रॅफाइट चालते काय, हा मोठा प्रश्न होता. साध्या ग्रॅफाइटमध्ये बोरॉनचा अंश असतो व तो न्यूट्रॉन गिळतो, हे झिलार्ड यांनी ओळखले आणि कारखानदारांकडून अतिशुद्ध माल बनवून घेतला. फर्मी यांचा ग्रॅफाइटविषयीचा निष्कर्षही त्यांनी आग्रहाने छापू दिला नाही. जर्मनीत १९४१ साली बोथे यांनी ग्रॅफाइट निरुपयोगी ठरविले आणि जर्मन लोक नॉर्वेच्या जड पाण्यावर विसंबून राहिले. तो कारखाना फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेच्या शूर सैनिकांनी सुरुंग लावून उडविला.

इकडे शिकागोत २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी मानवाने पहिली साखळी प्रक्रिया चालू केली व बंदही केली. लोक पांगल्यावर झिलार्ड यांनी फर्मी यांचा हात हातात घेतला. त्यांच्या मनात आनंद नव्हता. हा दिवस मनुष्यजातीच्या इतिहासात काळा गणला जाईल असे त्यांना वाटत होते. ज्या कामासाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला, त्याच कामातील लष्करी अधिकारी जनरल ग्रोव्हज यांना मात्र ते परके व बेभरवशाचे वाटत. ग्रोव्हज यांनी त्यांना नजरकैदेत टाकण्याचा विचार केला होता. ते घडले नाही, पण पाळत कायम राहिली.

युद्ध संपत आले तेव्हा जर्मनीचा बाँब कोठवर आला हे शोधण्यास अमेरिकेने एक पथक धाडले. त्याचे शास्त्रीय प्रमुख सॅम्युएल गाउडस्मिट हे हॉलंडचे यहुदी. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सापडलेले कागद त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात वाचले, आणि जर्मनीपाशी बाँब नाही, तो होण्याच्या जवळपासही ते नाहीत, हे त्यांना कळून आले. ह्या गाउडस्मिट यांचे आईवडील १९४३ मध्ये आउशविट्झला मारले गेले होते. भीती ज्या राजवटीची होती ती खरोखरच राक्षसी होती. तिच्याजवळ ते शस्त्र मात्र नव्हते.

आता झिलार्ड यांच्या आयुष्याचा दुसरा भाग येतो, आणि माझ्या मते तोच अधिक कठीण होता. ज्या कारणासाठी बाँब हवा होता ते कारण नाहीसे झाले. मग काम पुढे का चालावे, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. मार्च १९४५ मध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांच्याकडून रुझवेल्ट यांना आणखी एक पत्र घेतले. १२ एप्रिलला रुझवेल्ट वारले. मेच्या अखेरीस झिलार्ड जेम्स बर्न्स यांना भेटले, पण भेट निष्फळ ठरली. १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी झाली. दुसऱ्याच दिवसाची तारीख असलेला एक अर्ज झिलार्ड यांनी सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांनी सादर केला. तहाच्या अटी जाहीर करून जपानला शरण येण्याची संधी दिल्याविना हे शस्त्र वापरू नये, असा त्याचा आशय होता. अर्ज लष्कराच्या वाटेने गेला आणि अध्यक्ष ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा व ९ ऑगस्टला नागासाकी भस्म झाले. लाखाहून अधिक माणसे मेली. त्या बाँबमुळे युद्ध लवकर संपले असे मानणारे पुष्कळ आहेत व तो वाद आजही मिटलेला नाही. पण या वेळी झिलार्ड यांची गाडी एक दिवस उशिरा निघाली, एवढे खरे.

त्यानंतर त्यांनी पदार्थविज्ञान सोडून जीवशास्त्र धरले. अणुशक्ती लष्कराऐवजी मुलकी अधिकाराखाली असावी म्हणून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट केली. १९४६ च्या कायद्याने ते साधले. १९४९ मध्ये रशियाने बाँब केला व दोन बलाढ्य शत्रू समोरासमोर उभे राहिले. कर्करोगाच्या आजारातून उठत असतानाही ५ ऑक्टोबर १९६० रोजी झिलार्ड न्यूयॉर्कमध्ये रशियाचे प्रमुख ख्रुश्चेव्ह यांना भेटले. दोन तास बोलणे झाले. भेट म्हणून त्यांनी दाढीचे यंत्र नेले होते. युद्ध होणार नाही तोवर पाती पुरवीत राहीन, असे त्यांचे विनोदी आश्वासन होते. मॉस्को व वॉशिंग्टन यांच्यात थेट संदेशाची सोय असावी, ही सूचनाही त्यांनी केली. १९६२ च्या क्युबाच्या पेचप्रसंगाने तिची गरज सर्वांना पटली व १९६३ मध्ये ती सोय झाली. ३० मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील ला होया येथे झोपेतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय सहासष्ट होते. १९९८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीस, त्यांच्या रक्षेचा काही भाग बुडापेस्टला नेण्यात आला. ज्या शहराने हुसकून लावले तेथेच तो आता आहे.

माझ्या नातवाला मी हे सारे सांगितले. तो सैन्यात जाण्याच्या वयाचा झाला आहे, म्हणून हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ इतिहासाचा नाही. तो म्हणाला की झिलार्ड यांचे पहिले पत्र बरोबर की शेवटचा अर्ज बरोबर? मला वाटते, दोन्ही बरोबर. शत्रू खरा आहे तोवर डोळे मिटून बसणे हे पाप आहे; आपल्या लोकांनी त्याची किंमत मोजलेली आहे. आणि शत्रूपाशी खरोखर काय आहे, काय उरले आहे, हे पुनःपुन्हा तपासून पाहणे हेही तेवढेच कर्तव्य आहे. कारण एकदा चालू झालेले यंत्र आपण होऊन थांबत नाही. पहिले काम करणारे पुष्कळ निघतात. दोन्ही कामे करणारा माणूस विरळा. अशा माणसाचे नाव आपल्या मुलांना माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.