पोर्शेने सुरुवात पेट्रोल इंजिनाने नाही, चाकात बसवलेल्या मोटारीने केली होती

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात मेडशी नावाचं गाव आहे. अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूर मागे पडतं, घाट लागतो आणि मग मेडशी येतं. अशा रस्त्यावर सायकलला हब मोटार, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटार लावायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. किती वॅटची घ्यायची? 250 वॅटची घाट चढेल का, की सरळ 1,000 वॅटचीच बसवून टाकायची?

सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाने एका पत्रेकाम करणाऱ्याच्या पोराला पछाडलं होतं. त्याचं नाव फर्डिनांड पोर्शे. होय, तोच पोर्शे. आज ज्याचं नाव सुसाट पळणाऱ्या गाड्यांवर असतं, तो.

त्याचा जन्म 3 सप्टेंबर 1875 चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावातला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांचं पत्रेकामाचं दुकान होतं आणि पोराने तेच पुढे चालवावं अशी त्यांची इच्छा होती. पोरगा दिवसा दुकानात राबायचा, रात्री जवळच्या शहरातल्या तांत्रिक शाळेत जायचा. विजेचं वेड इतकं की घरात विजेचे दिवे त्यानेच लावले. आसपास अजून कंदिलाचे दिवस होते, हे लक्षात घ्या.

अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला गेला आणि विजेची यंत्रं बनवणाऱ्या बेला एगर कंपनीत लागला. तिथल्या तंत्र विद्यापीठात रीतसर प्रवेश नव्हता, म्हणून वेळ मिळेल तसा तो गुपचूप जाऊन व्याख्यानं ऐकायचा. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

चाकात मोटार बसवण्याची कल्पना काही एकट्या पोर्शेची नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन या माणसाला 31 डिसेंबर 1895 रोजी मागच्या चाकात मोटार असलेल्या सायकलचं पेटंट मिळालं होतं. ती मोटार 10 व्होल्टच्या बॅटरीतून 100 अँपिअरपर्यंत करंट ओढू शकेल अशी होती. हिशेब केला तर 1,000 वॅट! म्हणजे जास्त वॅटचा मोह इलेक्ट्रिक सायकलच्या जन्मापासूनचा आहे. बोल्टनची सायकल कागदावरून फारशी पुढे गेली नाही. पोर्शेने मात्र गाडी रस्त्यावर आणली.

व्हिएन्नात याकोब लोनर नावाची बग्ग्या बनवणारी जुनी पेढी होती. घोड्यांचे दिवस संपत आलेत हे तिच्या मालकाने ओळखलं होतं. पोर्शे तिथे गेला आणि 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे गाडी लोकांसमोर आली. पोर्शे तेव्हा 24 वर्षांचा होता. गाडीत साखळी नाही, पट्टा नाही, गिअर नाही. पुढच्या दोन्ही चाकांत एकेक मोटार, प्रत्येकी साधारण अडीच हॉर्सपॉवरची. वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास, एका चार्जिंगमध्ये जवळपास 50 किलोमीटर. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या सेमरिंगच्या घाटात 10 किलोमीटरचं अंतर त्याने 14 मिनिटं 52 सेकंदांत कापून विक्रम केला.

पण अडचणही तिथेच होती. मोटार चाकात असल्याने एकेका चाकाचं वजन 100 किलोच्या वर गेलं होतं. गाडीतलं इतर वजन स्प्रिंगवर तरंगतं, चाकाचं तरंगत नाही. खड्डा आला की तो सगळा भार धाडकन रस्त्यावर आदळतो आणि स्टिअरिंगही जड होतं. त्यात शिशाची बॅटरी 410 किलोची. पूर्ण गाडीच साधारण एक टनाची, म्हणजे पाच भागांतले दोन भाग नुसती बॅटरी!

मग इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या हार्ट नावाच्या श्रीमंत गिऱ्हाइकाला आणखी ताकद हवी होती. पोर्शेने चारही चाकांत मोटारी बसवल्या. चार मोटारींची भूक भागवायला बॅटरी लागली 1,800 किलोंची. ताकद वाढली, पण त्या ताकदीचा मोठा वाटा बॅटरीच वाहून नेण्यात जाऊ लागला. जास्त वॅट घेणाऱ्याला आजही हाच हिशेब भोवतो. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 360 वॅट-तास. 250 वॅटची मोटार पूर्ण जोरात चालली तरी ती सव्वा तासाच्या वर पुरते. 1,000 वॅटची मोटार तेवढीच बॅटरी वीस-बावीस मिनिटांत रिकामी करेल, तेही बॅटरीने एवढा करंट दिला तर.

घाटाचंही गणित करून बघा. माणूस, सायकल, पिशवी मिळून 120 किलो वजन, 100 मीटरला 5 मीटर चढ आणि ताशी 15 किलोमीटर वेग धरला तर चाकाला सुमारे 300 वॅट लागतात. पायडल मारणारा त्यातले 75 ते 100 वॅट सहज देतो. म्हणजे चांगली 250 वॅटची मोटार हा चढ काढते, फक्त पायडल मारायची तयारी हवी. डबलसीट जायचं असेल, वर पोतं असेल, किंवा पाय न हलवता चढायचं असेल, तेव्हा मोठी मोटार लागते. मग जड चाक, जाड तारा आणि चिमट्यात धुरा फिरू नये म्हणून लोखंडी पट्टी हेही आलंच. शिवाय आपल्याकडे 250 वॅटच्या वर किंवा ताशी 25 किलोमीटरच्या वर गेलं की कायदा तिला सायकल समजत नाही. नोंदणी आणि लायसन्स लागतं.

पोर्शेने यावर काढलेला तोडगा तेव्हा विचित्र वाटला असेल. त्याने बॅटरी लहान केली आणि गाडीत पेट्रोलची दोन छोटी इंजिनं बसवली. इंजिनांनी फक्त वीज बनवायची, चाकं मोटारीच फिरवणार. या गाडीचं नाव होतं सेम्पर विव्हुस, म्हणजे कायम जिवंत. आज ज्याला हायब्रिड म्हणतात ते हेच. याच जातीची गाडी चालवत 1902 मध्ये त्याने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला फिरवलं होतं. हो, तोच, ज्याच्या खुनाने पुढे पहिलं महायुद्ध पेटलं.

पण या गाड्या फार महाग होत्या. पेट्रोल इंजिन स्वस्त होत गेलं आणि 1906 मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइमलरला गेला. तरी हब मोटार त्याने सोडली नाही. महायुद्धात अवजड तोफा ओढायला त्याने रस्त्यावरची आगगाडीच बनवली. पुढच्या गाडीतलं इंजिन वीज बनवायचं आणि मागच्या डब्यांच्या चाकांतल्या मोटारी ते डबे स्वतःच चालवायच्या.

पुढचं आयुष्य जास्त ओळखीचं आणि जास्त काळं आहे. 1931 मध्ये श्टुटगार्टला स्वतःचं कार्यालय, मग हिटलरच्या राजवटीसाठी फोक्सवॅगनची रचना, नंतर रणगाडे. टायगर रणगाड्याच्या स्पर्धेतही त्याने इंजिनाने वीज आणि विजेने चाल हीच जुनी युक्ती लावली. ती जड आणि बिघाडखोर ठरली आणि काम हेन्शेल कंपनीला गेलं. फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकाळात हजारो लोकांकडून जबरदस्तीने काम करून घेतलं गेलं. त्याच्या हुशारीची गोष्ट सांगताना हे गाळून चालत नाही. युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला खटल्याशिवाय सुमारे वीस महिने कैदेत ठेवलं. 30 जानेवारी 1951 रोजी तो श्टुटगार्टमध्ये वारला.

त्यानंतर वीस वर्षांनी, 1971 मध्ये अपोलो 15 चे अंतराळवीर चंद्रावर एक गाडी घेऊन गेले. तिच्या चारही चाकांत एकेक मोटार होती, प्रत्येकी फक्त पाव हॉर्सपॉवरची. म्हणजे साधारण 190 वॅट, सायकलच्या 250 वॅटपेक्षाही कमी. चंद्रावर वजन सहापटीने कमी भरतं हे खरं, पण नासाने आणखी एक गोष्ट केली होती. पोर्शेने जो गिअर काढून टाकला होता तो त्यांनी चाकात परत बसवला. मोटारीचे 80 फेरे झाले की चाकाचा एक. आज बाजारात मिळणाऱ्या लहान गिअरवाल्या हब मोटारी चढावर जड, बिनगिअरच्या मोटारीपेक्षा कमी वॅटमध्ये काम काढतात, ते याच कारणाने. फक्त त्यांच्या आतली दातेरी चाकं बऱ्याचदा नायलॉनची असतात आणि काही वर्षांनी ती बदलावी लागतात.