सायटोक्रोम सी म्हणजे काय? पेशीतलं वीजघर आणि कमला सोहोनी

पेशीच्या पडद्यातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात, हा धडा आला की बरीच मुलं व्याख्या पाठ करून मोकळी होतात. आज मी तोच विषय एका मराठी शास्त्रज्ञ बाईंच्या आयुष्यातून सांगणार आहे. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

आधी पडदा समजून घेऊ

सावनेरच्या बाजारातून आणलेला एक बटाटा घ्या. त्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टाका. थोड्या वेळाने त्या लुळ्या पडतात, कारण पेशीतलं पाणी पडद्यातून बाहेर येतं. हे झालं परासरण, इथे पेशीला ताकद लावावी लागत नाही. उतारावर पाणी वाहतं तसंच हे. पण काही पदार्थ उलट्या दिशेने, म्हणजे चढावर न्यावे लागतात. आपल्या शरीरातला सोडियम-पोटॅशियम पंप 3 सोडियम आयन बाहेर ढकलतो आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतो. त्याला ऊर्जा लागते. ही ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. मग हा एटीपी येतो कुठून? इथेच कमलाबाईंचं काम येतं.

प्रवेशासाठी सत्याग्रह

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी चांगल्या गुणांनी पास झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळुरू गाठलं, नकाराचं कारण विचारलं आणि सत्याग्रहाची तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं, आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. हा अपमान गिळून त्या श्रीनिवासय्यांच्या हाताखाली डाळींतल्या आणि दुधातल्या प्रथिनांवर राबल्या. वर्षभराने रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं.

केंब्रिजमधला बटाटा

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी सापडलं. हे लोह असलेलं एक छोटं प्रथिन आहे. 1939 साली त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध अगदी छोटेखानी होता. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते.

हे प्रथिन करतं काय?

आपल्या सावनेर तालुक्यात खापरखेड्याला कोळसा जाळून वीज तयार होते. पेशी मात्र अन्न असं एकदम पेटवत नाही. तिची पद्धत पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणासारखी आहे.

मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर प्रथिनांची साखळी असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या साखळीतून पुढे सरकतात. सायटोक्रोम सी इथे हमालाचं काम करतं. एका वेळी एक इलेक्ट्रॉन उचलायचा आणि तिसऱ्या संकुलाकडून चौथ्याकडे पोचवायचा. हा प्रवास चालू असताना साखळीतले पंप प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे ढकलतात. तिकडे प्रोटॉनची गर्दी होते, धरणात पाणी साठावं तशी. मग ते एटीपी सिंथेज नावाच्या वाटेने परत येतात, हे यंत्र टर्बाइनसारखं फिरतं आणि एटीपी तयार होतो.

सायनाइड इतकं घातक का? ते चौथ्या संकुलालाच अडवतं. साखळी थांबली की पंप थांबतात, आणि पेशीची ऊर्जाच संपते.

गंमत म्हणजे कमलाबाई प्रयोगशाळेत होत्या तेव्हा प्रोटॉनची ही भानगड कुणालाच माहीत नव्हती. पीटर मिचेल यांनी ती कल्पना मांडली 1961 साली, आणि त्यांना नोबेल मिळालं 1978 मध्ये.

परत आल्यावर

1939 मध्येच त्या भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि 1947 मध्ये लग्न झाल्यावर मुंबईचं विज्ञान संस्थान. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसोबत नीरा, डाळी आणि तांदळाच्या पिठावर संशोधन केलं. गरिबाला परवडेल असं पोषण कशातून मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. अन्नभेसळीविरुद्ध ग्राहक चळवळीतही त्या उतरल्या. 1998 साली त्यांचं निधन झालं.

मला या आयुष्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 1933 मध्ये तो नकार त्यांनी मुकाट्याने मान्य केला असता, तर बंगळुरूचं दार मुलींसाठी आणखी किती वर्षं बंद राहिलं असतं कुणास ठाऊक. सावनेरच्या एखाद्या मुलीने आज जीवरसायनशास्त्र घ्यायचं ठरवलं, तर तिला त्यासाठी सत्याग्रह करावा लागत नाही. श्वसनाच्या धड्यात सायटोक्रोम सी आलं, की निदान त्यांचं नाव तरी तिला माहीत असावं.