‘अल्गोरिदम’ हे एका माणसाचं नाव आहे! अल-ख्वारिझ्मी आणि अपूर्णांकांची समीकरणं



पुढची रील कोणती दिसणार हे अल्गोरिदम ठरवतो, हे आपण रोज ऐकतो. पण हा शब्द एका माणसाच्या नावावरून आलाय, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. अपूर्णांकांच्या समीकरणात मी शाळेत हमखास मार्क घालवायचो. माझी चूक नेमकी कुठे व्हायची, तेही मला याच माणसाबद्दल वाचताना कळलं. चला तर मग, दोन्ही गोष्टी एकत्रच बघूया.

कोण होते अल-ख्वारिझ्मी?

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांचा जन्म साधारण इ.स. ७८० चा. नावातलं ख्वारिझ्म म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश. त्यांचं काम मात्र बगदादमध्ये झालं, खलिफा अल-मामूनच्या काळात (८१३ ते ८३३). तिथल्या ‘ज्ञानगृहा’त विद्वानांचा राबता होता. त्यांनी आकाशातल्या ग्रहांची कोष्टकं केली, तीही भारतीय ज्योतिषगणिताच्या आधारे. दोन हजारांहून जास्त ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नोंदवले. आपल्याकडच्या अंकपद्धतीवर पुस्तक लिहिलं. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं, तेव्हा लेखकाचं नाव ‘अल्गोरित्मी’ झालं आणि त्यातूनच आजचा अल्गोरिदम आला.

साधारण ८२० मध्ये त्यांनी बीजगणितावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून अल्जिब्रा हा शब्द आला. पुस्तकात चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत. अज्ञात संख्येला ते ‘वस्तू’ म्हणायचे. आणि पुस्तकाचा मोठा भाग कशावर? वारसाहक्काच्या वाटण्यांवर! एक अपूर्णांक चुकला की कुणाच्या तरी हक्काचे पैसे जाणार.

आता गणित करूया

त्याच धर्तीचं हे माझं उदाहरण. एक माणूस वारला. बायकोला १/८, आईला १/६ आणि उरलेले ३४० दिरहम मुलाला मिळाले. एकूण संपत्ती किती? तिला क्ष म्हणू.

क्ष/८ + क्ष/६ + ३४० = क्ष

स्टेप १: छेद बघा. ८ आणि ६ यांचा लसावि २४.

स्टेप २: दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला २४ ने गुणा.
३क्ष + ४क्ष + ८१६० = २४क्ष
छेद गेले. अल-ख्वारिझ्मीसुद्धा समीकरणात अर्धा वर्ग आला की सगळंच दुप्पट करून तो पूर्ण करायचे.

स्टेप ३: दोन्ही बाजूंतून ७क्ष काढा.
८१६० = १७क्ष
दोन्हीकडचं सारखं काढून टाकणं, याला त्यांनी ‘मुकाबला’ म्हटलंय. वजा असलेलं पद दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढणं म्हणजे ‘जब्र’.

स्टेप ४: १७ ने भागा. क्ष = ४८०.

स्टेप ५: ताळा करा. बायकोला ६०, आईला ८०, मुलाला ३४०. बेरीज ४८०. बरोबर!

माझी चूक कुठे व्हायची?

स्टेप २ मध्ये. मी फक्त अपूर्णांकांना गुणायचो आणि ३४० तसाच ठेवायचो. मग ७क्ष + ३४० = २४क्ष, म्हणजे क्ष = २०. आता बघा, एकूण संपत्ती २० दिरहम आणि त्यातले ३४० मुलाला! वहीत हा आकडा मला कधी खटकलाच नाही, कारण क्ष म्हणजे काय हे मी विसरलेलो असायचो. घरच्या वाटणीत असा हिशोब निघाला असता, तर पहिल्या मिनिटाला भांडण झालं असतं.

अल-ख्वारिझ्मी ८५० च्या सुमारास वारले. ११४५ मध्ये त्यांचं बीजगणित लॅटिनमध्ये आलं आणि तिथून ते युरोपभर पसरलं. ठरलेल्या क्रमाने, एकही पायरी न गाळता उत्तरापर्यंत जायचं, हाच तर अल्गोरिदम.

आज कॅमेरा धरला की ॲप समीकरण सोडवून देतं. मीही वापरतो. पण उत्तर आलं की क्ष च्या जागी ते ठेवून एकदा ताळा करतोच. तुम्हीही करून बघा, आणि दहावीतल्या भावाबहिणीला हे नक्की पाठवा!