हाताने लिहिलेले दैनिक

मुलांनो, नंदुरबारहून भुसावळच्या गाडीत बसलात की वाटेत अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने शिक्षक झाले. तेच आपले साने गुरुजी. वसतिगृहातील मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून ते 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहीत. दैनिक म्हणजे तुमच्या उर्दूतील रोजनामा. त्यात गोष्टी असत, थोरांची चरित्रे असत. दिवसभर शिकवायचे आणि वर हे लिहायचे! आपल्याला एक पान शुद्धलेखन जड जाते.

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. तुरुंगातही लेखणी सुटली नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिली. 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही त्यांचेच. ग्रंथालयात असेल तर मागून पाहा.